एक्स-रे ट्रेडमधून पेन्शनवर आलेल्या हवालदारांना नंतर रक्ताचा कॅन्सर: डिसॅबिलिटीचा दावा कसा मांडायचा?

पाचोरा_भाचा

राम राम मंडळी. माझे मामा सैन्याच्या मेडिकल कोरमध्ये रेडिओग्राफर होते. भरती १९८९, हवालदार म्हणून २८ फेब्रुवारी २०१३ ला पेन्शनवर आले. निघताना रिलीज मेडिकल बोर्डात शेप-१, म्हणजे कागदावर ठणठणीत. २०१८ मध्ये क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल) निघाला. गोळ्या चालू आहेत, ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) मिळतात, तब्येत सध्या बरी.

डिसॅबिलिटी पेन्शनसाठी अर्ज केला होता. चार महिन्यांपूर्वी उत्तर आले, दोनच ओळी: आजार सेवा संपल्यावर उद्भवला, सेवेशी संबंध नाही, दावा फेटाळला.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. निवृत्तीनंतर निघालेल्या आजाराला खरंच काही मिळत नाही का? मामांच्या छातीला टीएलडी बिल्ला (अंगावर पडलेले किरण मोजणारा) असायचा, पण त्याचा एकही रिपोर्ट घरात नाही. तो मिळवायचा कुठून? आणि व्हॉट्सअॅपवर अमेरिकेच्या २१ कॅन्सरची यादी फिरते आहे, त्यात ल्युकेमिया आहे. ती अर्जाला जोडली तर वजन पडेल का?

---

तापीकाठचा_सुभेदार

भाऊ, आधी कॅलेंडर बघा. नकाराचे पत्र हातात पडल्यापासून पहिल्या अपिलाला सहा महिने असतात. चार गेले. बिल्ल्याचे रिपोर्ट, डॉक्टरांची पत्रे येत राहतील. अपील आत्ताच टाका आणि त्यात लिहा की पुरावे गोळा होत आहेत, आले की जोडपत्र म्हणून पाठवू. सगळे कागद जमेपर्यंत थांबणारा माणूस मुदत घालवतो. हे सगळ्यात जास्त वेळा होते.

आता नियम. मामा २०१३ ला निघाले म्हणजे त्यांना २००८ चे एन्टायटलमेंट रूल्स (आजार सेवेमुळे झाला की नाही हे ठरवणारे नियम) लागू. २००८ च्या आधी निघालेल्यांना १९८२ चे, आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून पुढे निघालेल्यांना २०२३ चे. लोक एकमेकांचे अर्ज उतरवून काढतात आणि चुकीच्या सालाचे नियम लावून बसतात, मग पहिल्याच परिच्छेदाला फेटाळणी.

निवृत्तीनंतर उद्भवलेला आजार बाद, असे नियमात कुठेही नाही. उलट ‘पोस्ट डिस्चार्ज क्लेम’ असे वेगळे कलमच आहे. त्याचा गाभा एका वाक्यात: सेवेतल्या परिस्थितीमुळे शरीरात जी प्रक्रिया सुरू झाली तिचेच हे उशिरा दिसलेले रूप आहे, असे वैद्यकीय अधिकाऱ्याने मान्य केले तर आजार सेवेमुळे झाला असे धरता येते. त्याला वर्षांची मर्यादा आहे, आणि तुमच्याकडे निवृत्ती ते निदान अंतर पाचच वर्षांचे आहे, हे अपिलात ठळक लिहा. ‘सेवा संपल्यावर उद्भवला’ हे कारण या कलमापुढे टिकत नाही. कारण असे हवे होते की मेडिकल बोर्डाने तपासले आणि संबंध आढळला नाही. बोर्ड बसले होते का? दोन ओळींच्या पत्रावरून तरी वाटत नाही. म्हणून अपिलातली पहिली मागणी पैशाची करू नका. पहिली मागणी: मेडिकल बोर्ड बसवा आणि त्याला सेवेतल्या किरणोत्सर्गाची माहिती द्या.

दुसरी तारीख त्याहून महत्त्वाची. २००८ च्या नियमांत सिद्ध करण्याचा भार सहसा जवानावर नाही. पण निवृत्तीला १५ वर्षे होऊन गेल्यावर दावा केला आणि तोवर जुनी कागदपत्रे मुदत संपून नष्ट झाली असतील, तर भार जवानावर येतो. मामांची १५ वर्षे फेब्रुवारी २०२८ ला भरतात. पहिला अर्ज त्याआधीच गेलेला आहे, त्याची पोच जिवापाड जपा.

शेप-१ होते म्हणून घाबरू नका. सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग प्रकरणात (२०१३) म्हटले आहे की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर पुढे बिघडलेली तब्येत सेवेमुळे बिघडली असे धरायचे. नाही म्हणणाऱ्याने कारण द्यायचे. ते प्रकरण १९८२ च्या नियमांवरचे आणि आजारपणामुळे सेवेतून काढलेल्या जवानाचे आहे, म्हणून ते एकट्याने तुमचे काम करणार नाही. पण ‘नकाराला कारण लागते’ एवढ्यापुरते ते नक्की चालते.

---

मात्रा_मोजणी

टीएलडीबद्दल सांगतो, कारण इथे बहुतेकांचा घोळ होतो.

बिल्ल्यात फिल्म नसते. आत अॅल्युमिनियमच्या पट्टीवर तीन छोट्या चकत्या असतात, डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या, टेफ्लॉनमध्ये बसवलेल्या. एकीवर धातूची गाळणी, एकीवर प्लास्टिक, एक उघडी. तिन्हींच्या वाचनातील फरकावरून किरणांचा प्रकार आणि ऊर्जा कळते. चकती तापवली की साठलेली ऊर्जा उजेडाच्या रूपाने बाहेर पडते आणि तो उजेड मोजतात. वाचन झाले की चकती पुसली जाते, म्हणजे जुना बिल्ला घरी सापडला तरी त्यातून काही निघणार नाही. उरतो तो फक्त रिपोर्ट.

बिल्ला साधारण दर तीन महिन्यांनी बदलतो आणि प्रत्येक माणसाला कायमचा पर्सोनेल नंबर मिळतो. तो नंबर सापडला तर निम्मे काम झाले. मामांना विचारा, बिल्ल्याच्या होल्डरवर चिकटवलेल्या कागदावर नाव आणि आकडे असायचे, ते कुठल्या डायरीत, बदलीच्या कागदावर लिहिलेत का. नंबर नसेल तर नाव, आर्मी नंबर, जन्मतारीख आणि हॉस्पिटलनिहाय कालावधी देऊन माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज तीन वेगळ्या ठिकाणी करा: ज्या ज्या हॉस्पिटलमध्ये काम केले तिथे, रेकॉर्ड ऑफिसला, आणि ज्या प्रयोगशाळेत बिल्ले वाचले जायचे तिथे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात व्यावसायिक किरणोत्सर्ग मात्रेची राष्ट्रीय नोंदवही ठेवतात, तिथेही एक अर्ज टाका. स्वतःचीच माहिती मागताना ‘खासगी माहिती’ म्हणून नकार देता येत नाही. दिला तर ३० दिवसांत पहिले अपील.

अर्जात ‘माझे टीएलडी रेकॉर्ड द्या’ असे मोघम लिहू नका. असे लिहा: अमुक ते अमुक कालावधीतले त्रैमासिक मात्रा अहवाल, एकूण आजीवन मात्रा, न वाचलेल्या किंवा हरवलेल्या बिल्ल्यांची यादी, आणि जास्त मात्रेबद्दल झालेली कुठलीही चौकशी. तिसरा मुद्दा लोक विसरतात. ज्या तिमाहीत बिल्ला हरवला किंवा आलाच नाही, तिथे शून्य लिहिलेले असते किंवा रकाना कोरा असतो, आणि बोर्ड त्याचा अर्थ ‘मात्रा नव्हती’ असा लावते. कोरा रकाना म्हणजे मोजलेच नाही.

रिपोर्ट मिळाला आणि आकडा लहान निघाला तर खचू नका. एक्स-रेवाल्यांचा आकडा लहानच असतो. बोर्ड म्हणेल मर्यादेच्या आत आहे. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक परिषदेची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचे एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३० अशी आहे. ही मर्यादा कामाच्या ठिकाणासाठी आखलेली आहे. तिच्या खाली कॅन्सर होतच नाही, असा तिचा अर्थ नाही. अपिलात हा मुद्दा असा मांडा: किरणोत्सर्गाने होणाऱ्या कॅन्सरला सुरक्षित उंबरठा मानत नाहीत, मात्रा वाढते तशी शक्यता वाढते.

आणि सीएमएलच्या बाबतीत तुमच्याकडे जोडायला चांगला कागद आहे. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ३,०८,२९७ अणुउद्योग कामगारांचा अभ्यास २०१५ मध्ये लॅन्सेट हेमॅटॉलॉजीत आला. अस्थिमज्जेला मिळालेली सरासरी एकूण मात्रा फक्त १६ मिलिग्रे (हेही मात्रेचेच एकक), तरी मात्रेबरोबर ल्युकेमियाने होणारे मृत्यू वाढताना दिसले, आणि सगळ्यात ठळक वाढ सीएमएलमध्येच. पूर्ण लेख नको, सारांशाचे पान आणि सीएमएलचा तक्ता पुरे. बोर्डावरचे डॉक्टर जाडजूड फाईल वाचत नाहीत.

एक सावधगिरी: सीएमएल आणि सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया) यांत एकाच अक्षराचा फरक आहे. सीएलएलचा किरणोत्सर्गाशी संबंध सहसा मानत नाहीत. डिस्चार्ज कार्डावर टंकलेखनाची चूक असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या. फिलाडेल्फिया क्रोमोसोमचा किंवा बीसीआर-एबीएलचा (सीएमएल ओळखायच्या जनुकीय खुणा) मूळ रिपोर्ट जोडला की वादच उरत नाही.

---

पाचोरा_भाचा

मोठे काम झाले. मामांशी बोललो. बोर्ड बसलेच नव्हते. पर्सोनेल नंबर आठवत नाही. त्यांचे म्हणणे, मोठ्या हॉस्पिटलात बिल्ला नियमित होता, पण फील्ड हॉस्पिटलच्या दोन पोस्टिंगमध्ये महिनोन्महिने आलाच नाही. तिथे मोबाईल मशीन होते आणि पेशंट धरायला माणूस नसला की स्वतःच धरायचे. आता बिल्लाच नाही तर त्या काळाचे काय?

---

मात्रा_मोजणी

तोच काळ तुमच्या दाव्याचा कणा आहे.

बिल्ला नसेल तिथे कामाचे वर्णन लिहून काढायचे, पोस्टिंगनिहाय, एका पानात एक पोस्टिंग. मामांना बसवा आणि असे विचारा: दिवसाला साधारण किती फिल्म? छाती-हातपाय किती, कंबर-पोट किती? (पोटाच्या एक्स-रेला छातीपेक्षा कितीतरी जास्त किरण लागतात.) मोबाईल मशीनच्या बटणाची वायर किती लांब होती? किमान दोन मीटर असावी असा दंडक आहे. एक मीटरवर उभे असाल तर दोन मीटरच्या चौपट मात्रा. शिशाचा अॅप्रन होता का, त्याला चिरा पडल्या होत्या का, तो घडी घालून ठेवायचे की टांगून? घडी घातलेल्या अॅप्रनचे शिसे आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. पेशंट धरताना हात मुख्य झोतात यायचे का? आणि फ्लुरोस्कोपी किंवा सी-आर्म (किरण चालू ठेवून पडद्यावर थेट बघायची यंत्रे) किती? हा प्रश्न सगळ्यात मोठा. साध्या फिल्मला किरण सेकंदाच्या अंशभर चालू असतात. सी-आर्मवर हाड बसवताना मिनिटांवर मिनिटे. पेशंटच्या अंगावरून उडून येणारे विखुरलेले किरण एक मीटरवर ढोबळमानाने हजारावा भाग धरतात, पण मिनिटे वाढली की तो हजारावा भागही साठत जातो.

आकडे फुगवू नका. ‘रोज २०० फिल्म’ लिहिले आणि हॉस्पिटलच्या रजिस्टरात ४० निघाल्या, की बाकीचे खरेही खोटे ठरते. ‘रोज ३० ते ४०, कॅम्पच्या दिवसांत ६०’ असे लिहा. त्याच काळात तिथे असलेल्या दुसऱ्या रेडिओग्राफरचे किंवा रेडिओलॉजिस्टचे दोन परिच्छेदांचे शपथपत्र मिळाले तर फार उत्तम. त्यात ‘बिल्ले अमुक महिने पुरवले गेले नाहीत’ हे वाक्य असावे.

---

सातपुडा_सिग्नल

याच धाग्यात विचारतो. हवाई दलात रडार फिटर होतो, दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, वय ५२. पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरले आहे. रडारच्या लहरींमुळे असे म्हणता येईल का?

---

मात्रा_मोजणी

ऑपरेशनच्या आधी एक काम करा, नंतर ते कधीच करता येणार नाही. स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायचे सूक्ष्मदर्शक यंत्र) मोतीबिंदू नेमका कुठल्या थरात आहे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि जमल्यास फोटो काढून घ्या. किरणोत्सर्गाचा मोतीबिंदू सहसा भिंगाच्या मागच्या आवरणाला लागून असतो. आपल्याकडे कागदावर सरसकट ‘एसआयएमसी’ लिहितात, म्हणजे वयोमानाचा कच्चा मोतीबिंदू. ते अक्षर एकदा चिकटले आणि भिंग काढून टाकले, की पुरावा कचऱ्याच्या डब्यात. मागच्या आवरणाचा मोतीबिंदू स्टेरॉइड आणि मधुमेहानेही होतो, म्हणून साखरेचा रिपोर्ट आणि स्टेरॉइड न घेतल्याची नोंद सोबत ठेवा.

‘रडारच्या लहरी’ असे मात्र लिहू नका. रडारची मायक्रोवेव्ह क्ष-किरणांसारखी अणूतून इलेक्ट्रॉन उडवणारी नसते. तीव्र असेल तर ती उती तापवते, आणि त्यासाठी चालू अँटेनासमोर उभे राहिल्याचा प्रसंग दाखवावा लागतो. खरी जागा ट्रान्समीटरच्या कपाटात आहे. जुन्या संचांत क्लायस्ट्रॉन, थायरट्रॉनसारख्या नळ्या फार मोठ्या व्होल्टेजवर चालतात आणि त्यातून क्ष-किरण गळतात. दार बंद असेल तर पत्रा ते अडवतो. दुरुस्तीसाठी दार उघडून, इंटरलॉक (दार उघडताच संच बंद करणारी कळ) बायपास करून संच चालू ठेवला तर समोर बसलेल्या फिटरचे तोंड थेट झोतात. जर्मनीत लष्करी रडार तंत्रज्ञांच्या तक्रारींवर नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने २००३ च्या अहवालात हीच गळती आणि डायलवरचा रेडियमचा चमकणारा रंग या दोन गोष्टींवर बोट ठेवले. कॅन्सर आणि मोतीबिंदू हे दोन्ही विचारात घेण्यासारखे आजार मानले. तेव्हा अर्जात संचाचा प्रकार, सालवार काळ, दार उघडे ठेवून किती तास काम आणि बिल्ला दिला होता का, हे लिहा.

---

तापीकाठचा_सुभेदार

अमेरिकेच्या यादीचे राहिले. पाचोरा, ती जोडू नका. ती यादी खरी आहे, पण तिथल्या ‘अॅटॉमिक व्हेटरन’ लोकांसाठी: उघड्यावरच्या अणुचाचण्यांना हजर असलेले, हिरोशिमा-नागासाकीत तैनात असलेले, आणि २०२२ च्या पॅक्ट कायद्याने जोडलेले एनेवेटॉक, पालोमारेस, थुले इथले सफाईवाले. त्यांनी ठिकाण आणि तारीख दाखवली की आजार सेवेमुळेच असे गृहीत धरतात, मात्रा सिद्ध करावी लागत नाही. तिथला लष्करी एक्स-रे तंत्रज्ञ मात्र त्यात आपोआप बसत नाही, त्यालाही मात्रेची नोंद दाखवावी लागते. म्हणजे ती यादी तुमच्याच विरुद्ध वाचली जाऊ शकते. आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीच्या लष्करी पेन्शन मार्गदर्शिकेत कॅन्सरच्या मान्य कारणांमध्ये किरणोत्सर्ग आहेच. घरचे सोडून परदेशी कागद कशाला?

डॉक्टरांचे पत्र कसे मागायचे तेही सांगतो. ‘किरणोत्सर्गामुळेच झाला’ असे कुठलाही रक्तविकारतज्ज्ञ लिहून देणार नाही, त्याच्यावर दबाव आणू नका. एवढे पुरे: निदानाची तारीख आणि प्रकार, २४ वर्षांचा व्यवसाय, किरणोत्सर्ग हा सीएमएलचा मान्य धोका-घटक आहे, आणि या रुग्णात त्याचा वाटा नाकारता येत नाही. आणखी एक, खान्देशातल्या निम्म्या केसपेपरवर ‘तंबाखू: हो’ असे असते, कुणी विचारलेही नसते. दारू-तंबाखूच्या अतिरेकाने झालेल्या आजाराला भरपाई नाही, असे नियमात आहे. सीएमएल हा तंबाखूचा आजार नव्हे, तरी मामा खात नसतील तर नोंद दुरुस्त करून घ्या.

---

वकिली_टेबल

पैशाचा हिशेब कुणी सांगितला नाही. १०० टक्के अपंगत्वाला डिसॅबिलिटी एलिमेंट म्हणजे शेवटच्या हिशेबी वेतनाच्या ३० टक्के. कमी असेल तर त्या प्रमाणात. २० टक्क्यांच्या खाली काही नाही. समजा हिशेबी वेतन ४०,००० धरले आणि बोर्डाने ४० टक्के दिले. १०० टक्क्यांना १२,०००, म्हणून ४० टक्क्यांना ४,८००. त्यावर ब्रॉड बँडिंग: २० ते ५० च्या आतले ५० धरतात, म्हणजे ६,०००. वर महागाई सवलत वेगळी. सर्व्हिस पेन्शन आहे तशीच राहते. सेवा पूर्ण करून निघालेल्यालाही ब्रॉड बँडिंग मिळते, हे सुप्रीम कोर्टाने १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार प्रकरणात मान्य केले आहे. आदेशात तो उल्लेख नसेल तर मागून घ्यावा लागतो.

बोर्डाचे पत्र आले की तीन ओळी तपासा: टक्के किती, ‘अॅट्रिब्युटेबल’ (सेवेमुळे झाला) की ‘अॅग्रव्हेटेड’ (सेवेमुळे वाढला) की दोन्ही नाही, आणि मुदत आजीवन की काही वर्षे. ६० टक्के दिले आणि ‘दोन्ही नाही’ लिहिले तर हातात शून्य. ५० दिले आणि ‘अॅट्रिब्युटेबल’ लिहिले तर पैसे सुरू. लोक टक्क्यांवर भांडतात, भांडण दुसऱ्या ओळीचे असते.

पहिले अपील फेटाळले तर सहा महिन्यांत दुसरे. तेही गेले, किंवा अपील करून सहा महिने काहीच उत्तर नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्राला मुंबई खंडपीठ. निवृत्त माणूस राहतो तिथल्या खंडपीठात जाऊ शकतो, लखनौ-दिल्लीच्या वाऱ्या नकोत. अंतिम आदेशापासून तिथेही सहा महिने. उशीर झाला तरी पेन्शन हा दर महिन्याला नव्याने घडणारा अन्याय मानतात, म्हणून दार बंद होत नाही. पण तरसेम सिंग निकालापासून (२००८) मागची थकबाकी सहसा अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच देतात. उशिराची किंमत ती.

वकिलाआधी जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अपिलाचा मसुदा तिथे फुकट तपासून मिळतो. नाल्साची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) वीर परिवार सहायता योजना जुलै २०२५ मध्ये सुरू झाली, तिच्यात सैनिक कल्याण कार्यालयांतच कायदेशीर मदत केंद्रे आहेत. हेही विचारा.

---

पाचोरा_भाचा

अपील लिहायला घेतले. शेवटचे एकच: पाठवायचे कसे? आधीचा अर्ज मामांनी साध्या टपालाने टाकला होता.

---

तापीकाठचा_सुभेदार

मग ‘पहिला अर्ज केला होता’ याचा पुरावा म्हणजे ते नकाराचे पत्रच. त्यावर त्यांनी तुमच्या अर्जाची तारीख लिहिली असेल. त्याच्या चार झेरॉक्स आजच काढा.

रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. काउंटरवर ‘स्पीड पोस्ट, रजिस्ट्रेशनसह, पोहोच पावतीसह’ असे सांगा, नाहीतर नुसते स्पीड पोस्ट करतात. पाकिटावर बाहेर ‘पहिले अपील, डिसॅबिलिटी पेन्शन’ आणि आर्मी नंबर. आत प्रत्येक पानावर मामांची सही आणि ‘१/१४, २/१४’ असे क्रमांक, कारण तिकडे पाने सुटी होतात आणि मग ‘जोडपत्र ५ मिळाले नाही’ असे पत्र दोन महिन्यांनी येते. थर्मल पावतीची शाई सहा महिन्यांत उडते, ती घरी आल्याबरोबर झेरॉक्स करा.

बोर्डाचे बोलावणे बहुतेक जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलचे येईल, आपल्या भागाला देवळाली किंवा छत्रपती संभाजीनगर. मूळ रिपोर्ट घेऊन जा, पण टेबलावर ठेवताना झेरॉक्सच द्या. मूळ फक्त दाखवायचे आणि परत पिशवीत.